भिंगरीचे ब्रेक

तिला सगळी गल्ली भिंगरी म्हणायची, आणि तेही तोंडावर. पाठीमागे म्हणायचं तर आधी पाठ एका जागी थांबायला हवी ना! चहा ती उभ्यानेच प्यायची, आणि भाजी चिरता चिरता दोनदा गॅलरीत जाऊन यायची.

दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवणं हे तिचं काम. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्याच हातचं. कुणी तिच्याकडे बघून हसलं, की ती आधी कवळी नीट बसलीय का ते बघायची, मग हसायची.

सुटीच्या दिवशी मात्र गावामागची टेकडी. सायकलवरून चढायचं आणि दगडधोंड्यांतून खाली यायचं. गेल्या वर्षी वळणावर पडली, सायकलची फ्रेम तडकली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघालं तशी ती म्हणाली, "हात ठणठणीत! आता नवी सायकल. हार्डटेल. पुढे सस्पेंशन, मागे काही नाही. एकेक भाग निवडून मी स्वतः जोडणार."

"तयार घे की," नवरा म्हणाला. तो ग्रंथपाल, घरातसुद्धा कुजबुजल्यासारखंच बोलायचा.

"अहो, तयार म्हणजे दुसऱ्याच्या मनासारखी."

झालं! बैठकीतल्या लग्नाच्या फोटोला रजा मिळाली आणि त्याच्या खिळ्यावर फ्रेम चढली. ती तिने एका बैठकीत निवडली होती. चाकं आली, ती पलंगाखाली गेली. टायर तर तिने दुकानात जाऊन चिमटे काढून घेतले, सायकलवाला म्हणाला, "ताई, त्याला लागतंय." गिअर, चेन, सीट, सगळं पटापट ठरलं. अडलं ते ब्रेकपाशी. ब्रेक यायचे, ती दार लावून हातात धरून बघायची, आणि ब्रेक परत जायचे. पुन्हा दुसरे यायचे. पार्सलवाला खोकं देतानाच विचारायला लागला, "थांबू का, लगेच परत नेतो?"

नणंद आली, खोकी ओलांडत आत शिरली आणि म्हणाली, "वहिनी, नवरा निवडताना एवढं बघितलं असतंस तर!"

"तेव्हा परत पाठवायची सोय नव्हती ना, वन्सं."

हसण्यावारी गेलं. पण त्या रात्री भिंगरीला काही झोप लागेना. खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. प्लास्टर निघाल्यापासून उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धवटच मिटत होतं. कामावर तिने अंगठा आणि मधल्या बोटात सुरी धरून वेळ मारून नेली होती. टेकडीवर तशी नेता येणार नव्हती. हल्लीच्या ब्रेकचे लिव्हर आखूड, पहिल्या बोटानेच दाबायचे. उजव्या हाताला मागचा ब्रेक. तो लागला नाही आणि उतारावर नुसता पुढचाच दाबला, तर माणूस सायकलच्या आधी खाली पोचतो. म्हणजे बोट चाललं तर टेकडी, नाही तर टेकडीला रामराम. आणि टेकडी नसेल तर या पायांचं करायचं काय?

शेवटी तिने आपली विद्या कामाला लावली. जबड्याचं माप घ्यायचा लगदा हँडलच्या दांड्याभोवती थापला आणि मुठीचं माप घेतलं. त्यात प्लास्टर ओतून हात तयार केला, आणि त्यावरून ब्रेक ठरवले. हुशारी झाली खरी. फक्त माप तिने डाव्या हाताचं घेतलं. उजवा काय, तोच उलटा, असं स्वतःला बजावलं.

ब्रेक आले. डावा असा बसला की वा! उजवीकडे बोट लिव्हरवर नुसतं टेकून राहिलं, डुलकी लागलेल्या अध्यक्षासारखं. तिने दाबलं, ओठ चावून दाबलं. लिव्हर जागचा हलला, पण पुरता काही जाईना.

मग नाइलाजाने तिने उजव्या हाताचं माप घेतलं. प्लास्टरचा हात ओट्यावर वाळत ठेवला आणि अंगणात जाऊन येरझाऱ्या घालायला लागली. परत आली तर नवरा पाण्याचा पेला हातात धरून त्या हाताकडे बघत उभा. बाकीची बोटं मिटलेली, एकच बाहेर.

"हे बोट असं का?"

"तसंच आहे ते."

"कधीपासून?"

"प्लास्टर निघाल्यापासून."

त्याने पेला ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "आणि तू बरण्या उघडायला माझ्याकडे द्यायचीस, तेव्हा मला वाटायचं तू लाडात आलीस."

तिला हसू आलं, आणि डोळे पण भरले. "आता टेकडी सोड म्हणाल."

"म्हणणार होतो. पण तू घरात बसलीस तर मी कुठे जाऊ?"

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेली. भिंगरी आधी पंपांकडे गेली, मग हेल्मेटांकडे, मग दाराकडे. नवरा दारात उभा होता, म्हणून परत फिरली. एका दमात म्हणाली, "माझं उजवं पहिलं बोट मिटत नाही. मधल्या बोटाने दाबता येईल असा लांब लिव्हर द्या."

सायकलवाल्याने फळीमागून एक काढला. "जुन्या धाटणीचा आहे, ताई. पण डावीकडे आखूड न् उजवीकडे लांब? विजोड दिसेल."

"दिसू द्या," नवरा म्हणाला, "आम्ही दोघं कुठे जोडीचे दिसतो?"

रविवारी ती टेकडीवर चढली आणि नवरा पायथ्याशी उभा राहिला. उभा कसला, येरझाऱ्या घालत होता. वळण झाडीआड, दिसत काहीच नव्हतं. आधी दगडांची खडखड ऐकू आली. मग काहीच नाही. आणि मग वळणावरून नव्या ब्रेकची अशी किंचाळी आली की झाडावरचे पक्षी उडाले. त्याच्या आयुष्यात एवढा गोड आवाज त्याने ऐकला नव्हता.

धुळीने माखलेली ती त्याच्या बुटाला चाक टेकवून थांबली.

"कसं?"

"दुखतंय."

"मग?"

"मग काय? लिव्हर जरा आत घ्यायला हवा." तिने खिशातली चावी काढली, स्क्रू फिरवला, मधलं बोट ठेवून बघितलं आणि सायकल पुन्हा चढाकडे वळवली.

आयुष्यात कधी आवाज न चढवलेला ग्रंथपाल बेंबीच्या देठापासून ओरडला, "अगं, ब्रेक दाब, ब्रेक!"

"अहो, चढ आहे हा!" वरून उत्तर आलं.