तो किल्ला, ती पेठ, ते तळं

जगतापबाई साताऱ्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या. तरी तिथं एसटीतून उतरल्यावर नवख्या पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या आणि रस्ता विचारायला मला पुढं ढकलू लागल्या. म्हणायच्या, "मला काय ठाऊक? तूच विचार की."

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही सीमेपलीकडून कुपवाडला आलो होतो. आप्पा कारखान्यात लागले, मी मराठी शाळेत. घरात कन्नड. कन्नडात माणसं सोडली तर साऱ्या वस्तू एकाच लिंगाच्या, म्हणून मी मराठीतही सरसकट सगळ्यांना 'ते' करून टाकायची. ते भाकरी, ते दगड, ते खिडकी. वर्ग खो खो हसायचा. शेवटी मी तोंड उघडणंच सोडलं. दिवाळीनंतर हिला गावी आजीकडे ठेवू, तिथल्या शाळेत घालू, असं आप्पांच्या मनात आलं. मला मुळीच जायचं नव्हतं.

बाई माझ्या वर्गशिक्षिका. आप्पांचा बेत कळताच त्या घरी आल्या, चहा घेतला आणि सुट्टीत हिला माहेरी नेते म्हणाल्या. परवानगी मागतायत की नुसतं कळवतायत, हे आप्पांना उमजेपर्यंत त्या निघूनही गेल्या होत्या.

साताऱ्यात राजवाड्यापाशी एका सायकलवाल्याला मी भीत भीत विचारलं, "ते किल्ला कुठं आहे?" आता हा हसणार, असंच वाटलं. त्यानं पंक्चर काढता काढता मान वर केली.

"ते न्हवं पोरी, तो. ह्यो बघ की, गावाच्या डोक्यावर बसलाय."

मी वर पाहिलं. खरंच बसला होता, ऐसपैस मांडी घालून. त्याला 'ते' म्हणायची माझी हिंमतच झाली नाही.

मग बाईंनी मला गावभर हिंडवलं. पेठ ती, तळं ते, चौक तो. माझं चुकलं की त्या भर रस्त्यात थांबायच्या. बरोबर बोलल्याशिवाय पाऊल उचलायच्या नाहीत. "पाठ करू नकोस, ओळख करून घे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आठवडा संपेतो मी इतकी बडबडायला लागले की बाईंच्या आईंनी कानांवर हात ठेवले. मला फार आनंद झाला होता.

सांगलीच्या स्टँडवर आप्पा न्यायला आले. हिचं काय करायचं, असं त्यांनी बाईंना विचारलं.

"मला नका विचारू," बाई म्हणाल्या. "तिलाच विचारा. मराठीत."

आप्पा अडखळले. "शाळा... गावचं पाहिजे, का हितलं?"

"हितली," मी म्हणाले. "ती माझी आहे, आप्पा."