फळ्यावरचं वर्तमानपत्र

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात मराठी वर्तमानपत्रांचा कोश तयार होत होता, आणि त्यात नावं कशी छापायची याचा नियम माझा. भांडून करून घेतलेला. ज्या पत्राचा एक तरी अंक आम्ही डोळ्यांनी पाहिला, त्याचं नाव ठळक अक्षरांत. ज्याचा अंकच मिळाला नाही ते बारीक अक्षरांत, अवतरणचिन्हांत. म्हणजे असं की, होतं म्हणे बुवा, आम्ही काही पाहिलेलं नाही.

एक दिवस चेंबूरच्या कुणा वाचकाने पाठवलेली नोंद आली. विहाराबाहेरच्या फळ्यावर रोज खडूने लिहिलं जाणारं वर्तमानपत्र. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने नियमाप्रमाणे त्याला अवतरणचिन्हं लावली आणि तो चहाला गेला. तो फळा माझ्या आईचा होता.

आई दवाखान्यात आया होती. कामावर जायच्या आधी कालचं पुसायची आणि आजचं लिहायची. टँकर कधी येणार, शाळेचे फॉर्म कुठे मिळतात, माहुलच्या रिफायनरीकडून वास कसला येतोय, कुणाची पोरगी दहावी झाली. बारा वर्षं! आणि रोज पुसलेल्या पत्राचा अंक मी आणणार कुठून? माझ्याच नियमाने माझ्या आईची वाट लावली होती.

ऑफिसात मी गप्प राहिले. आईची शिफारस मुलीने करायची नसते, हे तिनेच शिकवलंय. घरी मात्र राहवलं नाही, सांगून टाकलं. ती म्हणाली, नियम आहे ना, मग राहू दे. मग ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली.

रविवारी तिचं कपाट उपसलं. मावशीच्या लग्नाचा फोटो निघाला. विहारासमोर वऱ्हाड उभं, आणि मागे अख्खा फळा. वर ठसठशीत नाव, खाली बातम्या, कोपऱ्यात ‘अंक ११४३’. वर्तमानपत्र म्हटलं की अंकाला नंबर हवाच, असं आईचं म्हणणं. आम्ही भावंडं तेव्हा किती हसायचो तिला.

सोमवारी फोटो मुख्य संपादकांपुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून नाव वाचलं, नंबर वाचला, मावशीच्या लग्नाची बातमीही वाचली. अंक पाहिला, मान्य, म्हणाले. मग भिंग फळ्याजवळच्या बाईवर थांबलं. नव्या साडीला खडूची बोटं पुसलेली. नाक हुबेहूब माझं.

“ही कोण?”

“माझी आई.”

हे आधी का नाही सांगितलंत, म्हणून ते जरा चिडलेच.

“सांगितलं असतं तर तुम्ही फळा पाहिला नसता सर, माझी आई पाहिली असती.”

त्यांनी लाल पेनाने अवतरणचिन्हं खोडली. मी थँक्यू म्हणायचंही विसरले.

छपाईआधीचं पान आईला दाखवायला घरी नेलं. तिने चष्मा पुसून लावला. तिच्या पत्राच्या बरोबर वर एका बड्या दैनिकाची नोंद होती, तेवढ्याच जाड अक्षरांत. तिने दोन्ही नोंदी सावकाश वाचल्या, आणि वरच्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे किती वाजता यायचं लोकांच्या हातात?

सात-साडेसातला, मी म्हटलं.

“आमचं सहाला,” आई म्हणाली.