पुठ्ठ्यातलं श्रीरामपूर

सुनेचं शिक्षण पूर्ण व्हायलाच पाहिजे असं मी ठरवलं, तेव्हा ती नेमकं काय शिकते हे मला धड माहीतही नव्हतं. आर्किटेक्ट आहे, घरांचे नकाशे काढते, एवढं ठाऊक होतं. पण त्याच्याही पुढं जाऊन ती पुण्याच्या एका कॉलेजात अर्बन डिझाईनचं मास्टर्स करत होती. मी एकदा विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, "आई, घराच्या आतलं सगळेच बघतात. दोन घरांच्या मधे जे असतं ना, रस्ता, कट्टा, स्टँड, बाजार, ते कसं असावं हे शिकायचं." मी म्हटलं, मग मी जन्मभर दुसरं काय बघत आले? ती हसली. पण बघणं वेगळं आणि ठरवणं वेगळं, हे मला पुढं तिच्या मागं हिंडताना कळलं.

झालं असं की मधे नात झाली आणि तिचं कॉलेज सुटलं. परत गेली तेव्हा कॉलेजनं स्पष्ट सांगितलं, या खेपेला थीसिस पास झाला नाही तर प्रवेश रद्द. तिनं हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं, खाली बघून. माझी शाळा सातवीत सुटली होती. पुढचं सगळं मी शुभवर्तमान आणि वर्तमानपत्रं वाचून वाचून शिकले. सुटलेलं परत धरायला किती जोर लागतो ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, "नातीचं मी बघते. तू बॅग भर."

लोक बोलायचेच. चर्च सुटल्यावर पायरीवर एक बाई म्हणाली, "सून पुण्याला आन् नात तुमच्या कडंवर. या वयात तुमीच बाळंतीण झाल्यागत दिसताय."

"मग बाळंतविडा आणा की," मी म्हटलं. तेव्हापासून ती बाई गप्प आहे.

आता थीसिसचा विषय; हे काम ती घरी राहूनच करणार होती. तिच्या वर्गातल्या मुलांनी मोठमोठी शहरं घेतली. हिनं घेतला आमच्या श्रीरामपूरचा रस्ता, रेल्वे स्टेशनापासून बाजारापर्यंतचा. तिचे गाईड म्हणाले, एवढ्याशा रस्त्यात काय सापडणार? ही म्हणाली, सर, घरी असले की मी तिथून रोज चालते. तिला वाटायचं की खेड्यांतून माल घेऊन येणाऱ्या बायकांना बसायला सावली मिळावी, जवळ पाणी असावं, आणि चालणाऱ्यालाही त्यांच्या पाट्या ओलांडत जावं लागू नये.

त्यासाठी रस्ता मोजायचा होता. बाजाराच्या दिवशी ती टेप घेऊन एकटीच गेली आणि तासाभरात परत आली. म्हणाली, "आई, मी टेप काढला की सगळ्या बायका पोती गुंडाळून पळतात." पळणारच. आमच्याकडं रस्त्यात टेप दिसला की लोक एकच समजतात, अतिक्रमण काढायला आले. पुढच्या बाजाराला मी पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर निघाले. वळणावर बसणाऱ्या पेरूवालीनं टेप बघून पाटीला हात घातलाच होता.

"आक्का, ही बाई नगरपालिकेची हाय का?"

"माझी सून हाय. शाळा शिकती."

"एवढी घोडी झाली आन् शाळंत?" मग सुनेकडं वळून म्हणाली, "नापास झालीस का गं बाई?"

"अजून नाही," सून म्हणाली. "पण तुम्ही उठलात तर होईन."

पेरूवालीनं पाटी खाली ठेवली. शेजारणीला म्हणाली, "बस गं, लेकरू हाय." त्यानंतर आमची रीतच पडली. आधी भाजी घ्यायची, बोलायचं, मग टेप काढायचा. एक टोक ती धरायची, एक मी. त्या महिन्यात घरात पेरू इतके झाले की मुलगा म्हणाला, डब्यात भाजी दे गं, पेरू नको.

मग मॉडेल करायची वेळ आली. तो सगळा रस्ता पुठ्ठ्याचा, दोन तुकड्यांत, आमच्या पलंगावर मावेल एवढा. दुकानं, स्टँड, झाडं, सगळं तिनं केलं. पुठ्ठ्याची बोटाच्या पेरापेक्षाही लहान माणसं कापून ठेवली होती, ती तेवढी चिकटवायची राहिली होती. तिला नातीला लसीला न्यायचं होतं. मी म्हटलं, जा तू, माणसांचं मी बघते. चर्चमधली नाताळची गव्हाण, येशूच्या जन्माचा देखावा, इतकी वर्षं मीच मांडते, मला काय अवघड?

ती परत आली आणि दारातच उभी राहिली.

"आई, ही सगळी माणसं दाराकडं का बघतायत?"

"मग कुठं बघतील? लोक बघायला येणार ना?"

गव्हाणीत कुणाची पाठ लोकांकडं करायची नसते. मेंढपाळ असो की मेंढरू, तोंड समोर. मी तेच केलं होतं. आणि आमची पेरूवाली वळणावर झाकली जात होती, म्हणून तिला मधोमध आणून बसवलं होतं.

सून खाली बसली. पेरूवालीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हिच्या अंगावरून बस जाईल." आणि जी हसत सुटली. मीही हसले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला ज्युरीपुढं, म्हणजे परीक्षकांपुढं, मॉडेल ठेवायचं होतं. दोघी ब्लेड घेऊन बसलो. एकेक माणूस सोडवायचा, वळवायचा, परत चिकटवायचा. स्टँडसमोरच्या रांगेचा गम मात्र पक्का बसला होता, ओढलं की पुठ्ठाच निघायला लागला. "राहू द्या," ती म्हणाली. "ज्युरीला सांगू, पाहुण्यांची वाट बघतायत."

मुलानं रजा टाकली आणि नातीला घेऊन घरी थांबला. आम्ही दोघी जुन्या साड्यांत गुंडाळलेला एकेक तुकडा धरून पहिल्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "आजी, ते डिकीत टाका."

"डिकीत न्हाई जायचं. अख्खं श्रीरामपूर हाय त्यात."

"मग मी गाडी कुठनं सोडू?" म्हणाला आणि मागच्या माणसाला सरकवून आम्हाला जागा करून दिली. पुण्यापर्यंत मी मांडी हलवली नाही.

ज्युरीच्या वेळी मला मागं बाकावर बसायची परवानगी होती. तीन परीक्षक होते. सून चांगली बोलली, माझ्याकडं एकदाही न बघता. मग एक मॅडम वाकल्या आणि स्टँडसमोरची रांग दाखवून म्हणाल्या, "ही माणसं माझ्याकडं का बघतायत?" मी डोळे मिटले. सुनेनं सरळ सांगितलं, सासूबाईंनी लावली, गव्हाणीसारखी. सगळे हसले, मॅडमही. मला वाटलं, सुटलो.

पण मग त्याच मॅडमनी विचारलं, "हा रस्ता खोदून हे सगळं बांधायला महिने जातील. तोवर या बायका कुठं बसतील?"

सुनेनं नकाशाकडं बघितलं, मॉडेलकडं बघितलं. मग म्हणाली, "हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

आम्हाला बराच वेळ बाहेर बसवलं. मग निकाल सांगितला: काम चांगलं आहे, पण या प्रश्नाचं उत्तर नकाशावर आल्याशिवाय सही नाही. मुदत दिली, तीही थोडी.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. नगर गेल्यावर म्हणाली, "आई, म्हणजे मी पास की नापास?"

"सही झाली न्हाई म्हणजे शिक्षण झालं न्हाई. रडायचं असंल तर राहुरीपर्यंत रड. पुढं बाजाराचं ठरवायचंय."

ती राहुरीच्या आधीच कागद काढून बसली.

बाजारात पेरूवालीला विचारलं, रस्ता खोदला तर कुठं बसाल? ती म्हणाली, "तुज्या पुठ्ठ्यात बसू का?" मग म्हणाली, शाळेच्या भिंतीकडंला बसू, पाठीला भिंत पायजे. शेजारीण म्हणाली, भिंतीला काय चाटायचं, तिथं दुपारभर ऊन असतं, टाकीखाली बसू. तिसरी म्हणाली, टाकीखाली चिखल असतो. तिघींचं जुंपलं. सून पोत्यावर मांडी घालून बसली आणि तिघींचं लिहून घेत राहिली. भिंतीकडची जागा सकाळी, टाकीकडची दुपारनंतर, आणि टाकीच्या पाण्याला आधी गटार, असा काहीसा मार्ग तिनं नकाशावर काढला. यावेळी नुसता नकाशा घेऊन पुण्याला एकटीच गेली. दुपारी फोन आला. "आई, सही झाली."

मी नातीला कडेवर घेतलं आणि तशीच बाजारात गेले.

"पास झाली," मी पेरूवालीला सांगितलं.

तिनं नातीच्या हातात पेरू दिला. "झाली ना? मग आमचं छप्पर कधी?"

"ते काय तिच्या हातात हाय व्हय? नगरपालिकेला विचार."

"मी कशाला विचारू? शिकली ती."

सून घरी आल्यावर तिला हे सांगितलं. वाटलं, थकलीय, हसून सोडून देईल. तिनं साडीतून मॉडेल सोडवलं, दबलेली दोन झाडं सरळ केली आणि विचारलं, नगरपालिकेत अर्ज कुणाकडं द्यायचा असतो. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. एक तुकडा ती धरेल, एक मी.