वीतभर वर राहिलेला गज

इस्तारीमामा कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावर थांबून आधी भिंती न्याहाळायचे. यजमानाला वाटे, म्हातारा नव्या रंगाचं कौतुक करतोय. म्हातारा बंदूक शोधत असे. दिसलीच, तर तिचं तोंड कोणीकडे आहे ते पाहून मामा मागच्या दाराने आत येत, मग गोठ्यातलं शेण तुडवावं लागलं तरी बेहत्तर. एकदा करडी गावात गणपतीच्या नाटकात शिपायाने लाकडी बंदूक प्रेक्षकांवर रोखली आणि पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे, म्हणजे आमचे मामा, थेट खुर्चीखाली! टाळ्या त्या शिपायापेक्षा त्यांनाच जास्त पडल्या. धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "हासा लेकहो. नळीले एकच डोळा राह्यते, अन् त्याले पापणी नसते."

ठासणीच्या बंदुकीतलं मामांइतकं कळणारा माणूस आमच्या भागात नव्हता. ही बंदूक तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळं लोखंडी गजाने ठासायचं. रानडुकरांनी दोन वर्षं माझ्या धानाचा चिखल केला, तेव्हा मी पीक राखायचा परवाना काढला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नवरदेवासारखा फुललो होतो. त्यातही मला टोपीवर उडणारी साधी बंदूक नको होती. हवी होती त्याहून जुनी, गारेची, म्हणजे गारगोटीची. घोडा पडला की गारेची ठिणगी उडते आणि बार पेटतो. काय तो थाट!

"बंदूक पाहाले चाल्ला का पोरगी, बे भाच्या?" मामा म्हणाले.

"मामा, ती ठिणगी उडते ना, तेव्हा..."

"हो. आधी ठिणगी उडन, मंग तू डोळे मिटशीन, मंग बार होईन. तवरिक डुक्कर तुमसरले पोचते."

तरीही ते आले. वाटेत शिकवणी चालूच. "पितळेले भुलू नको. पहिली बंदूक जड घे. हलकी बंदूक अन् हलका माणूस, दोन्ही ऐन वेळेले लाथ मारते."

नदीपलीकडच्या गावात श्रीरामभाऊंच्या घरी त्यांच्या वडलांची बंदूक होती. कागदोपत्री काय ते कचेरीत होणार होतं, आधी पसंती. मामा मागच्या दाराने आत आले. मी पुढच्या दाराने गेलो आणि जागीच प्रेमात पडलो. काळाभोर दस्ता, पितळी नक्षी, घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा! बाजूला, ठिणगी जिथून आत शिरते त्या छिद्रावर, म्हणजे बंदुकीच्या कानावर, कुंकवाचा जाड थर होता.

"दरसाल दसऱ्याले पूजा करतो," श्रीरामभाऊ अभिमानाने म्हणाले. "बाबा गेले तवापासून खंड नाही."

मी बंदूक उचलली, खांद्याला लावली, घोडा चढवला. समोर दारात त्यांची सून चहाचा ट्रे घेऊन उभी. माझा आवेश पाहून ती हसली. मीही हसलो. बोट चापावर.

मामा ओरडले नाहीत. त्यांनी तळहाताने नळी हळूच छताकडे केली. "भाच्या, बोट काढ." तीस वर्षांत त्यांचा इतका खालचा आवाज मी ऐकला नव्हता.

मग त्यांनी बाजूने गज नळीत सोडला, तोंडापाशी नखाने खूण धरली, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. रिकाम्या नळीत गज थेट कानापर्यंत जातो. हा वीतभर वरच राहिला होता.

"आत कोनी तरी बसून हाये," मामा म्हणाले.

"असं कसं?" श्रीरामभाऊ म्हणाले. "बाबा जाऊन अठरा वर्षं झाली!"

सुनेने ट्रे खाली ठेवला. कप वाजले. ती मामांकडे वळली. "निरांजन तर मी दरसाल तिथंच ठेवत आली, आबाजी. त्या कानापाशीच."

"कुंकवानं कान बुजला, म्हणून वाचली तू, माय."

मामांनी गार काढली, कुंकू खरवडून कानातून पाणी सोडलं आणि गजाला मळसूत्री आकडा लावून बोळा ओढू लागले. छर्रे घरंगळले. मग खालचा बोळा आला. जांभळ्या चौकडीची चिंधी. मामांनी ती तळहातावर उलगडली आणि जमिनीवर बसले.

"हे आमच्या जनाचं लुगडं हाये."

जना म्हणजे आमची मामी, केव्हाच गेलेली. दारूचं माप मामांइतकं अचूक कुणाचं नव्हतं, म्हणून त्या काळी गावोगाव बंदुका भरायला त्यांनाच बोलवत; बोळ्यासाठी मामीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या ते घरूनच नेत. ही बंदूक भरली त्या दिवशी डुक्कर आलं नाही. "उद्या येईन" म्हणून भरलेली बंदूक खुंटीला गेली, आणि श्रीरामभाऊंचे वडील दुसऱ्याच आठवड्यात तापाने गेले.

परतताना मामा एकच वाक्य बोलले. "अशा किती भरल्या, मले आठवत नाही."

मी बंदूक घेतली नाही. मामांनी मात्र गज सायकलला बांधला आणि घरोघर फिरू लागले. लोक चेष्टा करायचे, "काय मामा, नाडी पाहाले आले का?"

"हो. मेलेल्याची."

वर्षभरात आणखी दोन भरलेल्या निघाल्या. मामा वाळत गेले. शेवटी भंडाऱ्याच्या दवाखान्यात एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "शहापूर. रस्त्याच्या बाजूचं घर, दारात चिंच. दीडपट दारू भरली होती. जाशीन?"

दुसऱ्या दिवशी गेलो. रस्ता रुंद झाला तेव्हा चिंच गेली, घरही गेलं. मागे स्लॅबचं नवं घर होतं. तिथला मुलगा, चाळिशीचा, म्हणाला, "ते जुनी बंदूक? धाब्यावाल्यानं मागतली शोभेले. देऊन टाकली."

"कोणता धाबा?"

"आता कसं सांगू काका? बाबानं देली, बाबा गेले. हायवेवर धाबे का कमी हायेत?"

संध्याकाळी दवाखान्यात परतलो. मामांनी डोळे उघडले. "काढला बार?"

"काढला, मामा."

"चिंधी?"

"जांभळी."

त्यांनी डोळे मिटले. पहाटे गेले.

धाब्यांवर मी आता चहा मागवतो आणि भिंती बघतो. साकोलीपर्यंतचे झाले. नागपूरकडचे बाकी आहेत.