पित्तवाला रिक्षावाला

हिंगोलीकडून नववी सोडून आलेला मी. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पहिला दिवस, दुपारची पाळी, आणि उशिराच्या धास्तीनं घाईघाईत बसलो नेमका त्याच्या रिक्षात.

वैद्यानं त्याला उन्हाळाभराचं पथ्य दिलं होतं. तिखट नाही, चहा नाही, राग तर मुळीच नाही. आरशाला वाळ्याची जुडी, पायाशी सब्जाच्या पाण्याची बाटली. ट्रकनं कट मारला की हा डोळे मिटून लांब श्वास सोडायचा. रिक्षा चालूच!

मी गार पाण्याची बाटली उघडली, तर म्हणाला, "पावणं, आधी घाम सुकू दे की." मग झाडाखाली रिक्षा लावून त्यानं दोघांचाही घाम निवांत सुकवला.

"मामा, उशीर होतोय."

"घाईनं पित्त वाढतंय."

पोचलो तेव्हा गेट बंद. वॉचमन म्हणाला, "पहिल्याच दिवशी उशीर? परत येऊ नको."

घरी काय सांगू? मामानं सब्जाचा एक घोट घेतला, मग दुसरा. आणि खाली उतरून अशा शिव्या हासडल्या की आतून सुपरवायझर पळत आला.

"उशीर माझ्यामुळं झालाय! पोराला आत घे की!"

मला आत घेतलं, आणि अजून तरी बाहेर काढलेलं नाही.

मी वळून हात जोडले. त्याचं लक्षच नव्हतं. लालबुंद चेहऱ्यानं तो समोरच्या मिसळवाल्याला सांगत होता, "पथ्य मोडलंच हाय आज, तर कट जरा जास्तच घाल."