चार वाजताचं कपाट

कटिंग मास्तरांच्या घरात फ्रीज होता, पण बंद. म्हणजे बिघडलेला, आणि बिघडून दोन वर्षं झालेला. दुसऱ्या कुणी तो भंगारात दिला असता. मास्तरांनी त्यात पीठ ठेवलं, कारण फ्रीजचं दार घट्ट लागतं आणि उंदराच्या बापालाही ते उघडता येत नाही. वरच्या खणात पीठ, मधल्या खणात मसूर आणि मीठ, आणि खाली, जिथे लोक भाज्या ठेवतात तिथे, भाचीचे थंडीतले मोजे. शेजारच्या कपाटात तेलाची बाटली, मिरीची डबी आणि चार कांदे. संपलं सामान.

एवढ्यावर दोन माणसं कशी जगतात, असं विचारणारे पुष्कळ भेटतील. झकास जगतात! पण त्यासाठी त्या घरात चार वाजता नाही, सात वाजता जावं लागतं. आणि नेमकी इथेच सगळी गोची झाली.

मास्तरांनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कापड कापलं. साठ थर एकावर एक अंथरायचे, त्यावर नमुने असे बसवायचे की बाहीच्या बगलेत कॉलर आणि कॉलरच्या कुशीत खिसा, आणि मग मशीन फिरवायचं. चिंधी जितकी कमी, तितका मास्तर मोठा. लग्न त्यांनी केलं नाही. दोन वर्षांपूर्वी बहीण आजारात गेली. तिचा नवरा त्याआधीच पसार झाला होता. सहा वर्षांची भाची मास्तरांकडे आली. एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. त्याच वर्षी कारखान्याने मास्तरांना अर्ध्या पाळीवर टाकलं. काम अर्धं, पगार अर्धा, आणि तोंडं मात्र दुप्पट.

तोवर मास्तरांना चहाच्या पुढे काही येत नव्हतं. पण त्यांनी स्वयंपाक शिकून घेतला तो कापड कापायच्या रीतीनेच. त्यांचा नियम एकच: आधी कापड बघायचं, मग काय शिवायचं ते ठरवायचं. बाजार सहाला उठतो. साडेपाचला भाव पडतात. कोबीवाली बाहेरची जाड पानं काढून टाकत असते, अंडीवाल्याकडे तडकलेली अंडी उरलेली असतात, कोळीण मासे कापून झाल्यावर डोकी बाजूला सारत असते, खाटिकाकडे हाडं असतात. हे कुणी घेत नाही, म्हणून जवळजवळ फुकट. मास्तर आणि भिंगरी रोज तेव्हा जायचे आणि जे मिळेल त्यावर रात्रीचं जेवण ठरायचं. माशाच्या डोक्यांचा रस्सा असा व्हायचा की शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू खिडकीतून नुसता वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, “मास्तर, कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच!”

तर एका दुपारी चार वाजता मुलांच्या कार्यालयातल्या बाई आल्या. आईबाप नसलेलं मूल कुणाकडे राहत असेल तर वर्षातून एकदा तपासणी होते. त्यात एकटा पुरुष, घरात बाईमाणूस नाही, पगार निम्म्यावर. बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या आणि हातात छापील कागद होता. मास्तर आत चहा ठेवत होते. बाईंनी फ्रीज उघडला, मोजे बघितले, फ्रीज लावला. मग भिंगरीला जवळ घेतलं.

“आज रात्री काय जेवणार तू?”

“माहीत नाही.”

“बरं, काल काय खाल्लंस?”

“डोकी.”

बाईंचं पेन थांबलं. “आणि परवा?”

“हाडं!” भिंगरी खुशीत म्हणाली. “आणि पानं. ती बाहेरची, टाकून देतात ना, ती.”

मास्तर कप घेऊन बाहेर आले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यांनी समजावून सांगायला हवं होतं. पण मास्तरांना राग आला की शब्द सापडत नाहीत. “मी पोरीला उपाशी ठेवतो असं म्हणायचंय का तुम्हाला?” एवढंच ते ओरडले.

“मी काही म्हणत नाही. जे दिसतं ते लिहिते,” बाई म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

चौथ्या दिवशी पत्र आलं. ‘घरात अन्नसाठा आढळला नाही. मुलीला नियमित आहार मिळतो याची खात्री पटत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी होईल. सुधारणा न दिसल्यास मुलीची व्यवस्था वसतिगृहात केली जाईल.’ मास्तरांनी ते तीनदा वाचलं.  मग ते घेऊन शेजारी गेले.

इस्त्रीवाल्या काकूंनी पत्र वाचून कपाळावर हात मारला. “अहो मास्तर, तुम्ही कसं जेवता हे जगाला काय माहीत? जगाला भरलेलं कपाट दिसावं लागतं. चार डबे आणा, रंगीत पुडे आणा, रसाच्या बाटल्या आणा. समोर मांडा. आणि पोरीला पढवून ठेवा, विचारलं की फळं खाते म्हणून सांग.”

पोरीला खोटं पढवायला मास्तर तयार झाले नाहीत. पण डबे आणले. भीती माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही. शनिवारी पगार झाला, तसे ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि आठवड्याच्या बाजाराचे सगळे पैसे एका फेरीत उधळून आले. शिजवलेल्या शेंगांचे डबे, गरम पाणी ओतलं की होणारे शेवयांचे पुडे, बिस्किटं, संत्र्याच्या रसाच्या बाटल्या. कपाट असं भरलं की दार लागेना. मास्तरांनी सगळ्या डब्यांची चित्रं पुढे केली. “तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही,” ते भिंगरीला म्हणाले. तपासणी पुढच्या शुक्रवारी होती.

मग काय! बाजारात जायला पैसेच उरले नाहीत. रविवारी उरलेलं पीठ संपलं आणि मसूर शिजवला. सोमवारी त्यातच पाणी वाढवलं. मंगळवारी पाण्यात मसूर शोधावा लागला. साडेपाच वाजले की भिंगरी सवयीने पिशवी घेऊन दारात उभी राहायची आणि मास्तर दुसरीकडे बघायचे. बुधवारी तिने वाटी चाटून पुसून स्वच्छ केली आणि भांड्यात डोकावली. भांडं रिकामं होतं. मग ती उठून कपाटासमोर जाऊन बसली. डब्यांवरची चित्रं तिने बराच वेळ बघितली.

“मामा,” ती म्हणाली, “हे नुसतं बघायचं जेवण आहे का?”

 मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंवर नाही, काकूंवर नाही, स्वतःवर. दोन वर्षांत त्या घरात पोरगी एकदाही अर्धपोटी राहिली नव्हती. ती उपाशी राहत नाही हे कागदावर दाखवायला निघालेल्या मामाने तिला उपाशी ठेवलं होतं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी! त्यांनी बिस्किटांचा पुडा फाडला, अख्खा तिच्या ओंजळीत ओतला, आणि ती खात असताना बाकीचं सगळं धडाधड पिशवीत भरलं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे होते.

“दिलेला माल परत घेत नाही, पाटी वाचा,” दुकानदार म्हणाला.

“पाटी तू वाच, मी इथेच उभा राहतो,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डबे एकेक करून गल्ल्यासमोर मांडले. मागे रांग लागली. दूध घ्यायला आलेले, सिगारेट घ्यायला आलेले, सगळे कुरकुरायला लागले. मास्तर ढिम्म हलले नाहीत. “माल जसाच्या तसा आहे. एक बिस्किटांचा पुडा तेवढा वजा कर. अर्ध्याचं पीठ, मसूर आणि तेल दे, अर्धे रोख दे. नाहीतर संध्याकाळपर्यंत मी आहे आणि तू आहेस.” आणि झालंही तसंच. दुकानदार पुटपुटला, पण आधी पीठ मोजलं आणि मग पैसे.

शुक्रवारी चार वाजता बाई आल्या. कपाट उघडलं. तेल, मिरी, कांदे. फ्रीज उघडला. पीठ, मसूर, मीठ, मोजे. छापील कागदावर दुधाचा रकाना होता, फळांचा होता, डबाबंद पदार्थांचा होता, तयार जेवणाचाही होता. पिठाचा रकाना छापलेलाच नव्हता. बाईंनी उसासा टाकला.

“मास्तर, मी पत्र पाठवलं होतं.”

“मिळालं.”

“मग काहीच कसं आणलं नाहीत?”

“आणलं होतं. परत केलं.” मास्तरांनी पिशवी भिंगरीच्या हातात दिली. आवाज चढाच होता. “बाई, ही पोरगी जेवते की नाही हे बघायचंय ना तुम्हाला? मग जेवायच्या वेळी बघा. चार वाजता कपाटात डोकावून काय कळणार, कपाळ? साडेपाचला बाजार. चलायचं असेल तर चला. नसेल तर लिहा काय लिहायचं ते. पण मी खोटं कपाट भरून पुन्हा पोरीला उपाशी ठेवणार नाही. वसतिगृहाचं नाव काढा नाहीतर आणखी कशाचं!”

“माझं कार्यालय पाचला सुटतं,” बाई म्हणाल्या.

“भूक सातला लागते,” मास्तर म्हणाले.

बाईंनी घड्याळ बघितलं. मग भिंगरीकडे बघितलं. ती दारात पिशवी घेऊन एका पायावर उभी होती. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि साडेपाचपर्यंत बसून राहिल्या.

बाजारात पुढे भिंगरी, मागे मास्तर, त्यांच्या मागे कागद छातीशी धरलेल्या बाई. कोळणीने एक डोकं पुढे केलं, तर भिंगरीने मान हलवली. “डोळा पांढरा पडलाय, मावशी. आज सकाळी आलेलं दे.” कोळीण हसत म्हणाली, “आली माझी सासू!” आणि टोपलीच्या तळातून दोन लखलखीत डोकी काढून दिली. कोबीवालीने पानांचा ढीगच दिला. अंडीवाल्याने तीन तडकलेली अंडी कागदात गुंडाळली. बाईंनी एक अंडं हातात घेऊन वास घेतला.

“तडा आत्ताच गेलाय,” भिंगरीने त्यांना समजावलं. “आतून ओलं दिसतंय ना, म्हणजे ताजं. वाळलेलं असलं तर नको म्हणायचं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर डोकी मिरी-मीठ घालून मंद आचेवर चढली. मास्तरांनी पिठात अंडी फोडली, कणीक मळली, लाटून टेबलभर पसरवली आणि सुरी घेतली. मग बाई बघतच राहिल्या. पट्टी नाही, खूण नाही, पण प्रत्येक फीत दुसरीसारखी, आणि कडेला एवढीशीसुद्धा चिंधी नाही. कोबीची पानं तेलात कांद्याबरोबर परतली, देठं बारीक चिरून रश्श्यात गेली. पिठाच्या फिती उकळत्या रश्श्यात पडल्या आणि घर त्या वासाने भरलं.

“बसा,” मास्तर म्हणाले.

“आम्हाला कुणाच्या घरी जेवता येत नाही. नियम आहे.”

“मग जेवू नका. पण तिच्या समोर बसा आणि बघा. तेवढंच तर बघायला आलात.”

बाई बसल्या. भिंगरीने पहिली थाळी संपवली, थाळी पुढे केली, मास्तरांनी वाढलं. बाईंनी कागद मांडीवर घेतला आणि सवयीने विचारलं, “आणि उद्या काय जेवणार?”

“माहीत नाही,” भिंगरी तोंडातला घास गिळत म्हणाली. “उद्याचा बाजार अजून कुठे भरलाय?”

बाई लिहायला लागल्या. मास्तर समोर उभे होते. कापायच्या टेबलावर नमुने दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात, त्यामुळे उलटं अक्षर त्यांना सुलटंच. ‘अन्नसाठा: नाही.’ मास्तरांच्या हातातला रश्श्याचा डाव तसाच राहिला. आता संपलं, असं त्यांना वाटलं. पण पेन थांबलं नव्हतं. छापील रकाने संपले होते तिथे, खालच्या कोऱ्या जागेत, बाई लिहीत होत्या: ‘रोज ताजे आणून घरी शिजवले जाते. मुलीला अन्नाची चांगली पारख आहे. माझ्यासमोर तिने दोनदा वाढून घेतले. मुलगी येथेच राहावी.’

  तेवढ्यात भिंगरीची थाळी पुन्हा पुढे आली. मास्तरांनी भांडं खरवडून सगळं तिला वाढलं आणि डावाने कागदाकडे खूण केली.

“बाई, तेवढं दुरुस्त करा,” ते म्हणाले. “दोनदा नाही. तीनदा.”