न उघडलेली चाळणी

ते विमान माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठं होतं. दोन जणांचं, पुढे पिस्टन इंजिन, कधीकाळी शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलेलं. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका वैमानिकांनी ते कुठल्याशा शेडमधून धूळ खात पडलेलं उचलून नाशिकला आणलं आणि चार वर्षं खपून उडतं केलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मी तेव्हा शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर विमानं दुरुस्त करणारी परवानाधारक अभियंता होते, आणि सरांच्या विमानाच्या कागदांवर सही माझी असायची.

हे काम मला माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी शिकवलं. नानांचं सगळं आयुष्य विमानाच्या इंजिनांत गेलं. निफाडकडच्या शेतकरी घरातला हा माणूस इंजिनाला हात लावून कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते सांगायचा. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी माणसं, मग रस्ते, मग आई गेली आहे हेसुद्धा. एकच प्रश्न ते दिवसातून तीस-तीस वेळा विचारायचे. गॅस बंद केला का? दाराला कडी लावली का? टाकी भरली का? पहिल्यांदा मी उठून बघायचे. नंतर बसल्या जागेवरून "हो नाना" म्हणायला लागले. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, वाद घालू नका, हो म्हणा, ते शांत होतात.

त्या एप्रिलमध्ये सरांच्या इंजिनाचं तेल तापायला लागलं. जमिनीवर काटा ठीक असायचा, पण चढाईला लागलं की हळूहळू लाल रेघेकडे सरकायचा. सर दोनदा अर्ध्यातून परत आले. पुढच्या रविवारी ते विमान दुसऱ्या शहरात जुन्या विमानांच्या मेळाव्याला न्यायचं होतं.

गुरुवारी मी कामाला बसले. नानांजवळ थांबणाऱ्या बाई गावाला गेल्या होत्या, म्हणून नानांनाही बरोबर नेलं. हँगरच्या दाराशी सावलीत खुर्ची टाकली आणि हातात एक जुना पाना दिला. पाना हातात असला की ते बरे असायचे.

मी नानांच्याच क्रमाने निघाले. तेल किती आहे, कुठल्या जातीचं आहे, ते आधी पाहिलं. मग काटा खोटं बोलतोय का, ते. तेलाचं तापमान मोजणारी पितळी कांडी काढून शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात धरली, शेजारी साधा थर्मामीटर. काटा शंभराच्या जरा खाली थांबला.

"शंभर दाखवायला हवा ना?" सर म्हणाले.

"आपण उंचावर आहोत ना, पाणी जरा आधीच उकळतं इथं," खुर्चीतून नाना म्हणाले. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. सकाळी ह्याच माणसाने मला "तुम्ही कोण?" विचारलं होतं.

म्हणजे काटा खरा होता, तेल खरंच तापत होतं. तेल कूलरकडे वळवणारा थर्मोस्टॅट काढून त्याच पाण्यात टाकला. तो नीट उघडत होता. मग कूलरकडे वारा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत टॉर्च मारला, आणि आत कुंभारमाशीचं घर दिसलं. मुठीएवढं, वाळून दगड झालेलं. जवळजवळ अर्धी वाट त्याने अडवली होती.

सर लहान मुलासारखे हसले. "एक माशी! ताई, एका माशीने मला दोनदा खाली उतरवलं?"

मीही हसले. इतक्या तपासणीनंतर कारण असं हातात यावं, माती होऊन, याचा आनंद वेगळाच असतो. मी ते घर फोडून काढलं, नळी धुतली, कूलरच्या फटी वाऱ्याने साफ केल्या.

"चाळणी पाह्यली का गं?" नाना म्हणाले.

तेलाच्या वाटेवर इंजिनात एक बारीक जाळीची चाळणी असते. आतला धातू झिजायला लागला की त्याचे कण तिच्यात अडकतात. ती काढायची म्हणजे थोडं तेल उतरवायचं, तारेची बांधणी कापायची, पुन्हा सगळं बांधायचं. दीड तासाचं काम. मागच्या तेलबदलाला मी ती पाहिली होती, स्वच्छ होती.

"हो नाना," मी म्हणाले.

आम्ही इंजिन चालू केलं. पूर्ण जोरावर बराच वेळ ठेवलं. तेलाचा काटा जिथे असायला हवा तिथेच राहिला. शेजारचा दाबाचा काटा मात्र गरम झाल्यावर नेहमीपेक्षा किंचित खाली आला. किंचित म्हणजे काट्याच्या जाडीएवढा. मी सरांना दाखवला.

"ऊन बघा किती आहे," ते म्हणाले. "तेल पातळ होणारच."

ते खोटं नव्हतं. उन्हात तेल पातळ होतंच. पण तेल थंड राहिलं असताना दाब का उतरावा, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या डोक्यात आला आणि मी तो पुढे ढकलला. आम्हाला कारण सापडलं होतं. दुसरंही एखादं कारण असू शकतं, असं मला वाटून घ्यायचं नव्हतं.

इंजिन बंद झाल्यावर नानांनी पुन्हा विचारलं, "चाळणी पाह्यली का?"

"हो नाना, पाहिली."

"काय निघालं?"

हा प्रश्न ते घरी कधी विचारत नसत. गॅस बंद केला म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं. मी म्हणाले, "काही नाही. स्वच्छ आहे."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग पान्याकडे बघायला लागले. मी कागदावर सही केली.

वारा सुटायच्या आत एक फेरी मारून येतो म्हणून सर एकटेच वर गेले. मी रेडिओजवळ उभी होते. पहिल्या फेरीला त्यांचा आवाज आला, "तापमान झकास." तापमान चढाईतही बघायचं म्हणून ते दिंडोरीच्या बाजूला थोडे लांब गेले. मग आवाज आला, "दाब जातोय." आणि लगेच, शांतपणे, "इंजिन गेलं. उतरतोय."

त्या भागात मोकळं शिवार कमी आणि द्राक्षबागा जास्त. त्यांनी कांदा काढून झालेलं एक रान हेरलं होतं, असं नंतर शेतकऱ्यांनी सांगितलं. ते जवळजवळ पोचलेही होते. शेवटच्या बांधाला चाक अडखळलं आणि विमान शेजारच्या बागेत घुसलं. बागेत लोखंडी अँगल असतात, त्यांना ताणलेल्या तारा असतात. पुढचं मला सांगायचं नाही. शेतकऱ्यांनी करवतीने तारा कापून त्यांना बाहेर काढलं.

मी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेले. पाठीचा कणा मोडला होता, कमरेखाली काही जाणवत नव्हतं, पण शुद्धीवर होते. मला पाहून म्हणाले, "ताई, तेल थंड होतं हं शेवटपर्यंत. तुमचं काम चोख होतं."

मी घरून ठरवून गेले नव्हते. पण हे ऐकल्यावर राहवलं नाही. "सर, मी चाळणी उघडली नव्हती. नानांनी दोनदा विचारलं. मी हो म्हणाले."

ते छताकडे बघत होते. नर्स येऊन सलाइन बदलून गेली.

"मग तसं लिहून द्या," ते म्हणाले. "शब्द न शब्द. गोल गोल लिहू नका."

"हो सर."

"आणि आता जा."

अकराव्या दिवशी ते गेले. फुप्फुसात संसर्ग झाला होता.

मी लिहून दिलं. नानांचा प्रश्न, माझं उत्तर, दाबाचा काटा, सगळं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर इंजिनाची चाळणी काढली. ती चकाकत होती. बेअरिंगचा धातू, बारीक पापुद्र्यांचा, जाळी भरून. मी विचारलं, त्या सकाळी हे दिसलं असतं का? तो वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घालून सांगितलं, "हे एका दिवसाचं नाही, मॅडम. दिसलं असतं."

माशीचं घर खरं होतं, झिजलेलं बेअरिंगही खरं होतं. दोन्ही मिळून तेल तापवत होती. मी एक काढलं आणि दुसऱ्याला रस्ता मोकळा करून दिला.

परवाना निलंबित झाला. मुदत संपल्यावर मी तो परत मागितला नाही. आता सिन्नरच्या वसाहतीत एका कारखान्यात कॉम्प्रेसर दुरुस्त करते. तिथे काही बिघडलं तर काम थांबतं, माणूस वरून खाली येत नाही.

नानांना मी एकदाच सांगितलं. सकाळची वेळ होती, ते त्या दिवशी बरेच जागेवर होते, मला नावाने हाक मारली होती. मी सगळं सांगितलं. त्यांना समजलं. त्यांचा चेहरा असा कोसळला की मला माझीच भीती वाटली. "मी जोरात बोलायला पाह्यजे होतं," ते म्हणाले आणि रडायला लागले. "लय हळू बोललो मी." मी त्यांचे हात धरून बसले. चहा होईपर्यंत ते सगळं विसरले होते, पण गाल ओले का आहेत ते मला विचारत राहिले. त्यानंतर मी तो विषय घरात काढला नाही. पुढच्या वर्षी नाना गेले.

त्याच वर्षी हिवाळ्यात सरांच्या पत्नीचा फोन आला. हँगर रिकामं करायचं होतं, माझी हत्यारं तिथे पडली होती. मी गेले. त्या दाराशी उभ्या होत्या, अंगावर शाल. माझी हत्यारं त्यांनी स्वतः पुसून एका खोक्यात भरून ठेवली होती.

"तुम्ही लिहून दिलेलं मी वाचलं," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा वाचलं. मला तुमच्याबद्दल चांगलं वाटत नाही. हे तोंडावर सांगायचं होतं."

मी मान हलवली.

"एक विचारू? त्या सकाळी माझ्याबद्दल काही बोलले का?"

मला एखादं वाक्य सहज सुचलं असतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "सगळा वेळ इंजिनाबद्दलच बोलत होते."

त्यांनी बाहेर पाहिलं. धावपट्टीवर कोणी नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या, "तसेच होते ते." आणि खोक्याची एक बाजू धरून माझ्याबरोबर गाडीपर्यंत आल्या.